एच5एन1: नाव एकच, विषाणू अनेक

डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरजवळील गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवण्यात आले आणि जानेवारी 2025 च्या प्रारंभी अहवाल आला: एच5एन1, म्हणजेच बर्ड फ्लू. त्यानंतर मार्च 2025 मध्ये आंध्र प्रदेशातील पालनाडू जिल्ह्यात दोन वर्षांच्या एका मुलीचा याच विषाणूने बळी घेतला. भारतात एच5एन1 मुळे माणूस दगावल्याची ही दुसरी नोंद होय. पहिली नोंद जुलै 2021 मधील, हरियाणातील अकरा वर्षांच्या एका मुलाची आहे.

मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा ‘एच5एन1’ ही अक्षरे प्रथमच घरोघरी पोहोचली. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, नवापूरच्या कुक्कुटपालन व्यवसायाचे कंबरडे मोडले. मात्र तेथे एकाही माणसाला संसर्ग झाल्याचे सिद्ध झाले नाही. नवापूरची कोंबडी, गोरेवाड्याचा वाघ आणि अमेरिकेतील टेक्सासची दुभती गाय या तिघांच्या बातम्यांत नाव एकच येते. त्यामुळे विषाणूही एकच आहे, असा समज दृढ होतो. वस्तुस्थिती तशी नाही. विषाणूच्या आवरणावरील दोन प्रथिनांचे प्रकार एवढेच हे नाव सांगते. माणसाला त्यापासून धोका किती, हे त्या प्रथिनाच्या टोकाशी असलेल्या एका लहानशा खोबणीवर आणि विषाणूच्या पोटातील आणखी काही तपशिलांवर ठरते. आणि हे तपशील नावात येत नाहीत.

इन्फ्लुएंझाचा विषाणू साधारण 100 नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग असतो. केसाच्या जाडीत असे सातशे ते हजार विषाणू शेजारीशेजारी मावतील. त्याचे बाहेरचे आवरण चरबीचे असते आणि ते त्याचे स्वतःचे नसते. ज्या पेशीतून तो बाहेर पडला, तिच्याच पडद्याचा तुकडा पांघरून तो निघालेला असतो. साबणाने हात धुण्याचा सल्ला फ्लूच्या साथीत दिला जातो तो याचसाठी, कारण चरबीचे आवरण साबणाने फाटते आणि विषाणू निकामी होतो.

या आवरणातून चारपाचशे खुंट्या बाहेर डोकावत असतात. त्यांतील बहुसंख्य हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या असतात, नावातील ‘एच’ तो हाच. उरलेल्या न्यूरामिनिडेजच्या, म्हणजे ‘एन’च्या. पक्ष्यांमध्ये पहिल्याचे किमान 16 आणि दुसऱ्याचे 9 प्रकार आढळतात. हिमॅग्लुटिनिन हे बोजड नाव एका साध्या निरीक्षणातून आले. कोंबडीच्या रक्तपेशींत हा विषाणू मिसळला की त्या एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, हे जॉर्ज हर्स्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1941 मध्ये नोंदवले. रक्तपेशी चिकटवणारे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. या प्रथिनाची अणूंच्या पातळीवरील रचना मात्र 1981 मध्ये इयान विल्सन, डॉन वायली आणि जॉन स्केहेल यांच्या संशोधनातून उलगडली. तीन सारखे भाग एकमेकांना बिलगून उभे, तळाशी देठ आणि वर बोंडासारखा गोळा, आणि त्या गोळ्याच्या माथ्याजवळ ती खोबणी.

आवरणाच्या आत आरएनएचे आठ स्वतंत्र तुकडे असतात. सर्व तुकडे मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांचा मजकूर होतो. मानवी जनुकसंचात अशी सुमारे 300 कोटी अक्षरे असतात. प्रत्येक तुकड्यासोबत त्याची नक्कल करणारे पॉलिमरेज नावाचे यंत्र जोडलेले असते. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर हा विषाणू जगभर हिंडतो, कारण बाकीचे सारे काम तो यजमानाच्या पेशीकडून करवून घेतो.

पेशीत प्रवेश करण्याची त्याची रीत शास्त्रज्ञांनी गेल्या अर्धशतकात बारकाईने अभ्यासली आहे. श्वासमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्यांची लव असते. या साखळ्यांच्या टोकाला सायालिक आम्ल नावाचा रेणू असतो. हिमॅग्लुटिनिनच्या माथ्यावरील खोबणी या रेणूला पकडते. एक पकड फार दुबळी असते, पण शेकडो खुंट्यांनी एकाच वेळी धरले की विषाणू घट्ट बसतो. पेशी त्याला बाहेरून आलेला एखादा उपयोगी पदार्थ समजून आपल्या पडद्यात गुंडाळते आणि पिशवीत घालून आत ओढून घेते. म्हणजे दार विषाणू फोडत नाही. घरधनीच त्याला आत घेतो.

ही पिशवी आत जाता जाता आम्लधर्मी होत जाते. आलेला माल पचवण्याची ती पेशीची नेहमीची सोय आहे. विषाणू नेमक्या याच क्षणाची वाट पाहत असतो. आम्लता वाढताच हिमॅग्लुटिनिनचा आकार पूर्णपणे पालटतो, आत दडवून ठेवलेला एक टोकदार भाग झेप घेऊन पिशवीच्या पडद्यात रुततो आणि मग ते प्रथिन स्वतःवर दुमडत दोन्ही पडदे जवळ खेचते. पडदे एकमेकांत मिसळतात, भोक पडते. त्याच वेळी एम2 नावाच्या सूक्ष्म नळीतून आम्ल विषाणूच्या पोटातही शिरलेले असते, त्यामुळे आतील तुकडे सैल होतात. ते पेशीच्या केंद्रकाकडे जातात आणि तेथे त्यांच्या नकला सुरू होतात.

नक्कल करण्याच्या कामातही उसनवारी आहे. पेशीच्या स्वतःच्या संदेशांना पुढच्या टोकाशी एक टोपी असते. ती असल्याशिवाय पेशी त्या संदेशाचे प्रथिन बनवत नाही. विषाणूचे पॉलिमरेज पेशीच्या संदेशांच्या टोप्या कापून आपल्या संदेशांना लावते. 2018 मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळालेले बॅलोक्झाव्हिर हे औषध याच कापाकापीला आळा घालते. नवे विषाणू तयार होऊन बाहेर पडू लागतात तेव्हा पेशीवरील सायालिक आम्लालाच ते पुन्हा चिकटून बसण्याची शक्यता असते. येथे न्यूरामिनिडेज कामास येते. ते सायालिक आम्ल कातरते आणि विषाणू मोकळा होतो. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत सर्वांच्या तोंडी झालेले ऑसेल्टामिव्हिर या कात्रीच्या पात्यातच अडकून बसते. ते आजारपणाच्या आरंभीच घ्यावे असे डॉक्टर सांगतात, ते यामुळेच. विषाणू पसरून झाल्यावर कात्री अडवून फारसा लाभ होत नाही.

पक्षी आणि माणूस यांच्यातील सीमारेषा कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे. सायालिक आम्ल त्याखालील शर्करेला दोन रीतींनी जोडलेले असू शकते. त्यांना अल्फा 2-3 आणि अल्फा 2-6 अशी नावे आहेत. पहिल्या जोडणीत साखळी बरीचशी सरळ राहते, दुसऱ्या जोडणीत ती वाकते. बदकांच्या आतड्यांत पहिली जोडणी विपुल असते, माणसाच्या नाकात, घशात आणि श्वासनलिकेत दुसरी. पक्ष्यांच्या विषाणूची खोबणी सरळ साखळीला नेमकी बसते, वाकलेलीला नाही. त्यामुळे पक्ष्यांचा विषाणू नाकाघशात सहज मुक्काम करू शकत नाही. आणि जेथून खोकल्याशिंकेसरशी बाहेर पडायचे तेथेच मुक्काम नसेल, तर एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो जाणार कसा?

परंतु माणसाच्या फुप्फुसांच्या खोल भागात आणि डोळ्यांच्या बुबुळाभोवतीच्या पातळ त्वचेवर पक्ष्यांसारखी जोडणीही असते. कोंबड्यांच्या खुराड्यात वावरणाऱ्या माणसाच्या श्वासातून मोठ्या प्रमाणात विषाणू खोल गेला, तर गंभीर न्यूमोनिया होतो, पण रुग्णाच्या घरचे बहुधा वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेकडे 2003 पासून एच5एन1 चे 900 हून अधिक मानवी रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले. हा आकडा भयावह असला तरी सौम्य आजारी पडलेले अनेक जण रुग्णालयात जातच नाहीत, हे लक्षात घेऊनच तो वाचला पाहिजे.

मार्च 2024 मध्ये टेक्सासमधील गाईंच्या दुधात हा विषाणू सापडला, तेव्हा अनेक तज्ज्ञ चकित झाले. त्याचे उत्तरही साखळ्यांतच मिळाले. गाईच्या कासेत सायालिक आम्लाच्या अशा जोडण्या मुबलक आहेत. विषाणू कासेत वाढला, दूध काढण्याच्या यंत्रातून एका गाईकडून दुसरीकडे गेला आणि पुढील वर्षभरात अमेरिकेतील हजाराहून अधिक कळपांत पोहोचला. गोठ्यात काम करणाऱ्या मजुरांना प्रामुख्याने डोळे येण्याचा त्रास झाला. दुधाचे शिंतोडे डोळ्यांत उडाले, एवढे त्याला पुरेसे होते. निर्जंतुक केलेल्या किंवा उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही. दूध तापवूनच वापरण्याची भारतीय घरांतील जुनी रीत या बाबतीत उपयोगाची आहे.

वाघ मात्र डोळे येऊन मरत नाहीत. तेथे आणखी एक तपशील महत्त्वाचा ठरतो. हिमॅग्लुटिनिन पेशीत तयार होते तेव्हा ते अखंड असते. एका ठरावीक जागी त्याचे दोन तुकडे झाल्याखेरीज त्याला पडदे जोडता येत नाहीत. सामान्य फ्लूच्या विषाणूला ही चीर पाडून देणारी विकरे मुख्यतः श्वासमार्गात किंवा पक्ष्यांच्या आतड्यात मिळतात, म्हणून तो तेवढ्यापुरता मर्यादित राहतो. एच5एन1 च्या घातक वाणांत मात्र चिरेच्या जागी काही जादा अमिनो आम्ले घुसलेली असतात आणि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे फ्यूरिन हे विकर ती चीर पाडते. मग यकृत, मेंदू, रक्तवाहिन्या, काहीच वर्ज्य राहत नाही. बाधित कोंबडीचे कच्चे मांस खाणाऱ्या मार्जारकुळातील प्राण्यांना त्याचा फटका बसतो. थायलंडमध्ये 2004 साली एकाच प्राणिसंग्रहालयातील शंभराहून अधिक वाघ अशा आहारामुळे मेले किंवा मारावे लागले होते. गोरेवाड्यानंतर काही आठवड्यांतच मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत एच5एन1 आढळला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता.

विषाणूची खोबणी माणसाला साजेशी होण्यास किती बदल लागतील, यावर गेली दोन दशके वाद आहे. 1957 आणि 1968 च्या जागतिक साथींच्या वेळी पक्ष्यांकडून आलेल्या हिमॅग्लुटिनिनमध्ये प्रामुख्याने 226 आणि 228 या क्रमांकांच्या दोन जागी अमिनो आम्ले बदललेली होती. 2012 मध्ये नेदरलँड्सचे रॉन फुशिये आणि जपानी वंशाचे योशिहिरो कावाओका यांच्या पथकांनी मोजक्या बदलांनिशी एच5 विषाणू फेरेट या प्राण्यांत हवेवाटे पसरू शकतो असे दाखवले. असे प्रयोग करावेत काय, केले तर प्रसिद्ध करावेत काय, यावरून तेव्हा जगभर मोठे वादंग झाले. डिसेंबर 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याहून अस्वस्थ करणारी बाब मांडली. टेक्सासमधील रुग्णात मिळालेल्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये 226 व्या जागी एकच अमिनो आम्ल बदलले, तर त्याची पसंती सरळ साखळीकडून वाकलेल्या साखळीकडे वळते. या संशोधकांनी जिवंत विषाणू न वापरता केवळ प्रथिनावर प्रयोग केला होता, हेही सांगितले पाहिजे.

या निष्कर्षावरून जगबुडी जवळ आल्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. एच5एन1 1997 मध्ये हाँगकाँगला प्रथम माणसांत आढळला. 18 जण आजारी पडले, 6 दगावले. त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी तो माणसामाणसांत सलगपणे पसरू लागलेला नाही. खोबणी बदलली तरी विषाणूच्या पॉलिमरेजलाही मानवी पेशीशी जुळवून घ्यावे लागते. त्याला साहाय्य करणारे एक प्रथिन पक्ष्यांत लांबट असते, माणसांत आखूड. पक्ष्यांचे पॉलिमरेज आखूड प्रथिनावर अडखळते. पण तेथेही पळवाट आहे. पीबी2 या घटकातील 627 व्या जागी एक बदल झाला की काम सुरळीत होते, आणि टेक्सासच्या त्या रुग्णातील विषाणूत हा बदल झालेला होता. नोव्हेंबर 2024 मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एक किशोरवयीन मुलगी एच5एन1 ने अत्यवस्थ झाली. तिच्या नमुन्यात हा बदल आणि 226 व्या जागी होऊ घातलेला आणखी एक बदल, दोन्ही मिश्र स्वरूपात आढळले. ती बरी झाली व तिच्यापासून कोणाला बाधा झाल्याचे आढळले नाही. रुग्णाच्या शरीरातच विषाणू अशी चाचपणी करतो, हे मात्र त्यातून दिसून आले.

नकला करताना चुका दुरुस्त करण्याची सोय या विषाणूकडे नाही, म्हणून अशी उत्परिवर्तने सतत घडतात. दुसरा मार्ग अधिक झटपट आहे. दोन निरनिराळे फ्लू विषाणू एकाच पेशीत शिरले, तर त्यांच्या आठ-आठ तुकड्यांची सरमिसळ होते आणि पत्त्यांचा नवा डाव जमावा तसा एक नवा विषाणू जन्मतो. 2009 ची साथ डुकरांत झालेल्या अशा सरमिसळीतून आली. भारतातील त्या साथीचा पहिला बळी 3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात गेला आणि पुढील काही आठवडे ते शहर मास्क लावून वावरत होते. तो एच1एन1 होता. 1918 च्या महामारीचाही एच1एन1 होता. नाव एकच, संहाराचे प्रमाण मात्र भिन्न.

या दृष्टीने भारतात एच5एन1 इतकेच लक्ष एच9एन2 कडे द्यायला हवे. त्याने कोंबड्या फारशा मरत नाहीत, म्हणून त्याची बातमी होत नाही. पण आशियातील त्याच्या अनेक वाणांत 226 व्या जागी माणसाला साजेसा तो बदल आधीच झालेला आहे. भारतातील त्याचा पहिला मानवी रुग्ण 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात सापडला, सतरा महिन्यांचे एक बालक. तेही बर्ड फ्लूच्या शोधात नव्हे, तर लहान मुलांच्या श्वसनविकारांच्या एका वेगळ्याच अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने नमुने तपासले म्हणून. तो अभ्यास चालू नसता, तर त्या बालकाच्या तापाची गणना सर्दीखोकल्यातच झाली असती.

भारताच्या व्यवस्थेचा भर प्रामुख्याने पक्षी नष्ट करण्यावर राहिला आहे. 2021 च्या सुधारित कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या मारल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. नष्ट केलेले पक्षी, अंडी आणि खाद्य यांची भरपाई केंद्र व राज्य निम्मीनिम्मी देतात. ही कारवाई आवश्यक आहे, कारण विषाणूला वाढायला जितके पक्षी कमी तितक्या त्याच्या चाचपण्या कमी. मात्र रिकाम्या पडलेल्या शेडचे महिने आणि कोसळलेले बाजारभाव या भरपाईत येत नाहीत. परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या आदिवासी कुटुंबाने कोंबडी मेल्याची वर्दी द्यावी अशी अपेक्षा असेल, तर त्या वर्दीने त्याचे नुकसान होणार नाही याची शाश्वती त्याला मिळायला हवी. नवापूरची आठवण त्या भागात अजून पुसलेली नाही.

दुसरे असे की, मेलेल्या पक्ष्यांचा आकडा तत्काळ जाहीर होतो, पण त्यांच्यातील विषाणूच्या जनुकांचे वाचन जगापुढे यायला अनेकदा महिने लागतात. वस्तुतः महत्त्वाचे तेच आहे. 226 व्या जागी काय आहे, 627 व्या जागी काय आहे, आठांपैकी कोणता तुकडा कोठून आला, हे वेळेवर कळले तरच लस बनवणाऱ्यांना बियाणे निवडता येते. पशुसंवर्धन खाते भोपाळकडे पाहते, आरोग्य खाते पुण्याकडे. विषाणू मात्र खाते पाहून प्रवास करत नाही.

याचे एक उदाहरण 2024 मधील आहे. सुमारे अडीच वर्षांची एक मुलगी फेब्रुवारीत कोलकात्यास येऊन गेली आणि मार्चच्या पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलियाला परतताच तिला रुग्णालयात, पुढे अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. तिला एच5एन1 झाल्याचे मे महिन्यात जाहीर झाले. जनुकांचे वाचन ऑस्ट्रेलियात झाले, तेव्हा हा विषाणू अमेरिकी गाईंमधील शाखेचा नसून दक्षिण आशियातील कोंबड्यांत फिरणाऱ्या 2.3.2.1ए या शाखेचा असल्याचे निष्पन्न झाले. मुलगी बरी झाली. आजारी पक्षी किंवा माणूस तिच्या संपर्कात आल्याचे कुटुंबाच्या माहितीत नव्हते.